कुंपणाबाहेरचे रान



सैन्याची सरावभूमी म्हटली की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर एक उजाड प्रदेश उभा राहतो. तोफगोळ्यांनी होरपळलेली झाडे, रणगाड्यांच्या साखळपट्ट्यांनी उकरलेली माती, तारेचे कुंपण आणि ‘प्रवेश निषिद्ध’ असा फलक. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील फोर्ट ब्रॅग या लष्करी तळाचा इतिहास ते अपुरेपण दाखवून देतो. राष्ट्ररक्षण, शेती आणि निसर्ग या तिघांचे हितसंबंध परस्परविरोधी असलेच पाहिजेत, असे समजून चालणाऱ्यांनी तो अवश्य अभ्यासावा.

हा तळ १९१८ मध्ये तोफखान्याच्या प्रशिक्षणासाठी स्थापन झाला. आज तेथे अमेरिकेच्या हवाई छत्रीदलाची प्रसिद्ध ८२वी डिव्हिजन असते. (मधल्या काळात, २०२३ मध्ये, त्याचे ‘फोर्ट लिबर्टी’ असे नामांतर झाले आणि २०२५ मध्ये पुन्हा ‘ब्रॅग’ हे नाव आले. नामांतराचे राजकारण तिकडेही चुकलेले नाही.) तळाचा विस्तार सुमारे १,६०,००० एकरांचा. जमीन रेताड, धान्याच्या दृष्टीने निकृष्ट. परंतु लाँगलीफ नावाच्या पाइन वृक्षाची ती मायभूमी. अमेरिकेच्या आग्नेय भागात एके काळी या वृक्षाची अरण्ये सुमारे ९ कोटी एकरांवर पसरलेली होती. जहाजबांधणी, राळेचा व्यापार, शेतीचा विस्तार आणि लाकूडतोड यांनी ती गिळली. विसाव्या शतकाच्या अखेरीस उरली ती जेमतेम ३० लाख एकर.

या वृक्षाचे एक वैशिष्ट्य ध्यानी घेतल्याशिवाय पुढची कथा उमगणार नाही. लाँगलीफ पाइन हे अग्नीवर जगणारे झाड आहे. त्याचे रोप पहिली काही वर्षे गवताच्या झुबक्यासारखे जमिनीलगत बसून असते. लांब सुया मधल्या कोंबाचे आगीपासून रक्षण करतात आणि जमिनीखाली मूळ खोल जात राहते. दर दोन-तीन वर्षांनी गवतातून सरकत जाणारी हलकी आग आली, की स्पर्धक झुडपे जळून जातात आणि पाइनला प्रकाश मिळतो. आग थांबली की ओक व इतर झाडे माजतात आणि पाइन संपतो. अमेरिकेच्या वनखात्याने कित्येक दशके ‘वणवा म्हणजे शत्रू’ असा प्रचार केला आणि सद्हेतूनेच या अरण्यांचा गळा आवळला. फोर्ट ब्रॅगच्या चांदमारीच्या क्षेत्रात मात्र तोफगोळे पडत राहिले, ठिणग्या उडत राहिल्या, गवत पेटत राहिले. अरण्य राखण्याचा विचार सैन्याच्या मनातही नव्हता. पण अरण्य राखले गेले. ‘सेंट फ्रान्सिस सॅटर’ नावाचे एक तपकिरी फुलपाखरू साऱ्या पृथ्वीतलावर केवळ याच तळावर आढळते, आणि त्याच्या वसाहतींचा मोठा आधार म्हणजे हेच तोफांचे लक्ष्यक्षेत्र.

त्याच अरण्यात एक लहानसा सुतार पक्षी राहतो. अवघा वीस सेंटिमीटर लांबीचा. नराच्या गालामागे तांबडी रेघ असते, तीही सहसा दिसत नाही. इतर सुतार पक्षी वाळलेल्या खोडात ढोली करतात. हा जिवंत पाइनमध्ये कोरतो, आणि तोही साठ-ऐंशी वर्षांहून जुन्या, ज्याचा गाभा बुरशीने मऊ झाला आहे अशा वृक्षात. एक ढोली पूर्ण व्हायला कित्येकदा काही वर्षे जातात. ढोलीभोवती तो सालीला बारीक छिद्रे पाडून राळ वाहती ठेवतो, म्हणजे साप वर चढू शकत नाही. तरुण नर आईवडिलांजवळ राहून धाकट्या भावंडांना भरवतात. एकत्र कुटुंबपद्धतीच म्हणा ना! जुने वृक्ष तुटले तसा हा पक्षी नाहीसा होत गेला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्याचे सुमारे १,४७० समूहच उरले होते.

संघर्षाला तोंड फुटले १९९० मध्ये. संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्यान्वये केंद्रीय वन्यजीव खात्याने अभिप्राय दिला, की फोर्ट ब्रॅगवरील सराव या पक्ष्याच्या अस्तित्वाला धोका पोहोचवीत आहे. ढोलीच्या वृक्षांवर पांढरे पट्टे रंगवले गेले. त्यांच्याभोवती दोनशे फुटांच्या आत तंबू ठोकणे, खंदक खणणे, वाहने नेणे यांवर बंधने आली. कोणत्याही क्षणी जगाच्या दुसऱ्या टोकाला जाण्यास सिद्ध असावे लागणाऱ्या सैनिकांनी मुठीएवढ्या पक्ष्यासाठी वळसा घालून सराव करावा, हे अधिकाऱ्यांना रुचणे शक्यच नव्हते. वन्यजीव खात्याविषयी छावणीत कोणती भाषा बोलली गेली असेल, याची कल्पना करता येते.

परंतु सैन्याच्या मंडळींनी नकाशा पुढे घेतला, तेव्हा त्यांना निराळेच काही दिसले. पक्ष्याचा भार एकट्या तळावर पडला होता, कारण कुंपणाबाहेरचे पाइन नाहीसे होत होते. त्या जागी घरांच्या वसाहती, दुकाने, रस्ते उभे राहत होते. म्हणजे सैन्याची खरी अडचण पक्षी नव्हता. कुंपणाला लागून वसाहत झाली की रात्रीच्या दिव्यांमुळे अंधारातील दुर्बिणींचा सराव निरुपयोगी होतो, तोफांच्या आवाजाविरुद्ध तक्रारी सुरू होतात, गवत जाळले की धुरावरून कज्जे होतात, छत्रीधारी सैनिक उतरवण्याच्या मैदानांभोवती मोकळी जागा राहत नाही. घरे आधी येतात आणि मग ‘हा तळच इथून हलवा’ अशी मागणी येते! शेजारचा शेतकरी आणि शेजारचे रान हेच आपले तट आहेत, हे सैन्याला सुतार पक्ष्याने शिकवले.

आता प्रश्न होता जमीनमालकांचा. येथे कायद्याने एक विपरीत परिणाम घडवून ठेवला होता. ज्याच्या रानात हा पक्षी येऊन बसेल, त्याच्या वृक्षतोडीवर निर्बंध येत. तेव्हा व्यवहारचतुर मालक पाइन जुने होऊच देत नसत. पक्ष्याच्या उपयोगाचे होण्याआधीच ते तोडून विकत. डीन ल्यूक आणि जेफ्री मायकल या अभ्यासकांनी २००३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्याच आकडेवारीवरून दाखवून दिले, की पक्ष्यांच्या वसाहतींच्या जवळची झाडे लवकर तोडली जात होती. पक्ष्याला वाचवण्यासाठी केलेला कायदाच पक्ष्याच्या मुळावर आला. शेतकऱ्याला यात दोष देणे सोपे आहे. पण ज्याने पन्नास वर्षे झाडे सांभाळली, त्यालाच दंड आणि ज्याने तोडली तो मोकळा, ही व्यवस्था कोणता शेतकरी मान्य करील?

यावर १९९५ मध्ये दोन उपाय याच रेताड प्रदेशात सुरू झाले. पहिला ‘सेफ हार्बर’ करार. करार करताना जमिनीवर जितके पक्षी-समूह असतील, तेवढ्यांचीच जबाबदारी मालकावर. त्याने निगा राखल्यामुळे पुढे पक्षी वाढले, तर वाढीव बंधने नाहीत. या कराराखाली सर्वप्रथम आलेली जमीन होती पाइनहर्स्ट या गोल्फसाठी प्रसिद्ध असलेल्या संस्थेची. दुसरा उपाय अधिक मूलगामी होता. सैन्याने ‘नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या स्वयंसेवी संस्थेशी करार करून कुंपणाबाहेरच्या जमिनी राखण्यासाठी निधी देण्यास आरंभ केला. डिसेंबर २००२ मध्ये संमत झालेल्या संरक्षण कायद्याने हा मार्ग देशातील सर्व तळांना खुला झाला.

या व्यवस्थेतील मर्म असे, की जमीन संपादित केली जात नाही. मालकी शेतकऱ्याचीच राहते. तो नांगरतो, पेरतो, लाकूड काढतो, पाइनच्या गळलेल्या सुया गोळा करून बागांच्या आच्छादनासाठी विकतो (त्या प्रदेशात हा चांगला चालणारा धंदा आहे), जमीन मुलाबाळांना देतो किंवा विकतोही. तो विकतो तो केवळ एक हक्क: तेथे वसाहत उभारण्याचा. बांधकामासाठी जमिनीला जी किंमत आली असती आणि शेतजमीन म्हणून जी आहे, त्या दोहोंतील फरक काढून त्याला मोबदला मिळतो. हे बंधन दस्तावर नोंदले जाते आणि ते वारसांवर व पुढील खरेदीदारांवर कायमचे राहते. त्याचे पालन होते की नाही, हे सहसा सैन्य पाहत नाही. स्थानिक भूविश्वस्त संस्था किंवा राज्य शासन पाहते. सारे स्वेच्छेचे. ज्याला नको, त्याने नाही म्हणावे.

यात सारेच गोमटे आहे असे नव्हे. ‘कायमचे’ हा शब्द जड आहे. आजच्या पिढीने मोबदला घ्यावा आणि पुढच्या सर्व पिढ्यांनी बंधन पाळावे, यावर तिकडेही वाद होतो. सैन्यामुळे होणारे प्रदूषण, न फुटलेले गोळे, जमिनीत मुरणारे शिसे हे प्रश्न अशा करारांनी सुटत नाहीत. शिवाय प्रत्येक तळाची निकड वेगळी. ॲरिझोनातील फोर्ट वाचुका येथे भूजल आणि सान पेद्रो नदी यांचा प्रश्न, तर वॉशिंग्टन राज्यातील लुईस-मकॉर्ड तळावर नष्टप्राय होत चाललेल्या गवताळ माळांचा. २०१३ मध्ये संरक्षण, कृषी आणि अंतर्गत अशा तीन खात्यांनी एकत्र येऊन ‘सेंटिनल लँडस्केप्स’ ही योजना आखली, तिचा पहिला मान लुईस-मकॉर्डलाच मिळाला. तीन सरकारी खाती एका नकाशावर एकमत करतात, हेच भारतीय वाचकाला अद्भुत वाटावे!

फोर्ट ब्रॅगचे फळ २००६ मध्ये हाती आले. तेथील सुतार पक्ष्यांनी ३५० प्रजननक्षम समूहांचे लक्ष्य ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी गाठले. सरावावरील बहुतेक बंधने सैल झाली. त्याच वृक्षांखाली सैनिक पुन्हा मुक्काम करू लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये या पक्ष्याचा दर्जा ‘संकटग्रस्त’ वरून एक पायरी सौम्य करण्यात आला. तेव्हा देशभरात त्याचे सुमारे ७,८०० समूह होते.

हा सारा वृत्तान्त ऐकताना भारतीय मन साहजिकच पोखरणकडे वळते. १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांनी जगाला ठाऊक झालेले हे नाव पक्षिप्रेमींना आणखी एका कारणाने प्रिय आहे. अस्तंगत होत चाललेल्या माळढोकांपैकी काही पोखरणच्या सराव क्षेत्रात टिकून आहेत. तेथे माणसांचा आणि गुरांचा वावर नाही, म्हणून गवत शाबूत आहे. धोका आहे तो कुंपणाबाहेर, उंच वीजवाहिन्यांचा. जड शरीराच्या आणि समोरचे नीट न दिसणाऱ्या या पक्ष्याला तारा चुकवता येत नाहीत.

महाराष्ट्राला माळढोकाची दुसरी बाजू ठाऊक आहे. सोलापूर-नगर परिसरात १९७९ मध्ये तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. त्यात गावेच्या गावे आली, जमिनीचे व्यवहार अडले, आणि ज्या पक्ष्याचे शेतकऱ्याशी कधी वैर नव्हते, तो त्याच्या डोळ्यांत सलू लागला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. पण तोवर नान्नजच्या माळावर माळढोक दिसणे हीच बातमी झाली होती. संरक्षण क्षेत्रांभोवतीच्या बांधकामांसाठी १९०३ चा कायदा आपल्याकडे आहेच, त्यात नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. मात्र तो मनाई करणारा कायदा आहे. शेजारच्या शेतकऱ्याने शेतकरीच राहावे म्हणून त्याला आपणहून पैसे देऊ करणारा नव्हे.

तरीही अमेरिकेचा साचा राजस्थानच्या वाळवंटात जसाच्या तसा बसणार नाही. तेथे शेकडो एकरांचा एक मालक नाही. तेथे आहेत ‘ओरण’, म्हणजे आपल्या देवराया. जैसलमेर भागात देवीच्या, लोकदेवतांच्या नावे राखलेली ही विस्तीर्ण चराऊ राने आहेत. तेथे गुरे चरतात, पण झाडावर कुऱ्हाड पडत नाही. देगराय मातेचे ओरण हे त्यांतील एक. माळढोकांचा वावर तेथेही आहे. महसुली दप्तरात यांपैकी पुष्कळ जमीन ‘पडीक’ म्हणून नोंदलेली असल्याने ती सौरप्रकल्पांना आणि वीजवाहिन्यांना देणे सोपे जाते. ग्रामस्थ अनेक वर्षे एकच मागणी करीत आले आहेत: दप्तरात ‘ओरण’ असे लिहा. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान शासनाला अशा देवरायांचे प्रत्यक्ष जमिनीवर आणि उपग्रहाद्वारे सर्वेक्षण करून त्यांची नोंद करण्याचा आदेश दिला. गावोगावच्या ओरणांची हद्द आजवर दप्तरात नव्हती. ती होती वृद्ध गुराख्यांच्या स्मरणात आणि हद्दीवर पूर्वजांनी रोवलेल्या दगडांत.