मुकी घंटा



कल्याणातल्या आमच्या इमारतीत आगीची वर्दी देणारी यंत्रणा आहे. तिची देखभाल माझ्याकडे आली. पाहतो तो बिघाडाचा पिवळा दिवा पेटलेला, बॅटरी फुगलेली आणि घंटेची तार सोडवून ठेवलेली! रखवालदार म्हणाला, “साहेब, उगाच वाजायची.”

त्याला दोष कसा द्यावा? धूर ओळखणाऱ्या डब्यांत धूळ साचली, की ते धुळीलाच धूर समजतात. खोटी वाजणारी घंटा लोक आधी कानांआड करतात, मग मुकी करतात. म्हणून आम्ही प्रथम डबे साफ करविले, बॅटरी बदलली आणि मगच तार जोडली.

महाराष्ट्राच्या २००६ सालच्या आग प्रतिबंधक कायद्याने ही जबाबदारी मालकावर व भोगवटादारावर टाकली आहे. यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत द्यावे लागते. परंतु रात्री दोन वाजता प्रमाणपत्र कोणाला जागे करीत नाही, घंटाच करते.

आज घरी जाताना आपल्या जिन्याखालचा दिवा कोणत्या रंगाचा आहे, एवढे पाहा. पिवळा असेल, तर ते काम आता आपले आहे.