टेबलाच्या पलीकडची खुर्ची

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका बँक शाखा व्यवस्थापक ताईंनी केलेलं भाषण)



बँक मॅनेजर कसं व्हायचं यावर बोला, असं मला सांगितलंय. बोलते. पण आधी माझी एक चूक सांगते, कारण ती एका बचत गटानेच माझ्या लक्षात आणून दिली.

मी डोंबिवलीची. बँकेत कारकून म्हणून लागले, खात्यातली परीक्षा देऊन ऑफिसर झाले आणि पहिल्यांदा मॅनेजर म्हणून गेले ती मुरबाड रोडवरच्या शाखेत. सकाळी लोकलने कल्याण, तिथून एसटी. रुजू होऊन महिना झाला असेल नसेल, एका गटाचं साडेतीन लाखांचं कर्ज प्रकरण आलं. मी म्हटलं, "कर्ज देते, पण गटाच्या बचत खात्यातले चाळीस हजार तसेच राहू द्यायचे. कर्ज फिटेपर्यंत काढायचे नाहीत." शाखेत तशीच पद्धत चालत आली होती. मीही चालवली.

सचिवताई नववी शिकलेल्या. त्यांनी पिशवीतून घडी घातलेला झेरॉक्सचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक होतं. गटाला 10 लाखांपर्यंत कर्ज देताना तारण घ्यायचं नाही, मार्जिन घ्यायचं नाही, गटाचं बचत खातं अडकवायचं नाही, ठेव ठेवा म्हणून आग्रह धरायचा नाही. त्या ओळीखाली पेनाने रेघ मारलेली. ताई म्हणाल्या, "मॅडम, आम्हाला इंग्रजी येत नाही. सीआरपी ताईंनी वाचून दाखवलं. बरोबर आहे ना?"

बरोबर होतं, आणि ते मला माहीत असायला हवं होतं. माझी मान खाली गेली. कर्ज चार दिवसांत मंजूर केलं. तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

निघताना त्याच ताईंनी विचारलं, "माझी मुलगी बारावीला आहे. तुमच्या खुर्चीवर बसायला काय लागतं हो?" समोर रांग होती, मी घाईत काहीतरी सांगून मोकळी झाले. त्याचं नीट उत्तर आज देते.

मॅनेजर म्हणजे सही मारून पैसे देणारा माणूस, असं बाहेरून वाटतं. खरं म्हणजे आमच्या तिजोरीलाही दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. तुमच्या गटाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे असते ना, तसंच. किती रकमेपर्यंत कर्ज मी मंजूर करू शकते, याची मर्यादा ठरलेली असते. त्यावरचं प्रकरण वरच्या कार्यालयात जातं. हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की कर्ज साधारणपणे एनपीएत जातं आणि मग मला फोन सुरू होतात. ऑडिटला साहेब येतात, एकेक कागद उलटून बघतात. कोणाचं केवायसी अपुरं, कुठे सही राहिली, सगळ्याचं उत्तर मी द्यायचं. शिवाय ठेवींचं टार्गेट, विम्याचं टार्गेट. संध्याकाळी कॅश जुळली नाही तर शाखा बंद करून निघता येत नाही, मग कल्याणची शेवटची एसटी चुकली तरी.

आता विचार करा. बैठक घेणं, हजेरी, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, वह्या अद्ययावत ठेवणं. दशसूत्री पाळणाऱ्या गटाची सचिव याच जातीचं काम करते, रक्कम लहान असते एवढंच. कर्ज कोणाला द्यावं, कोण फेडेल, कोण अडचणीत आहे म्हणून थांबावं, हे तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मला ते कागदावरून ओळखावं लागतं.

मग अडतं कुठे? पदवी आणि वय. इथे लक्ष द्या.

सरकारी बँकांत ऑफिसर, म्हणजे पीओ, होण्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. बी.ए. चालतं, बी.कॉम. चालतं, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवीही चालते. वय 20 ते 30. कारकुनासाठी 20 ते 28. ओबीसींना तीन वर्षं आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षं सवलत आहे. विधवा, घटस्फोटित आणि कायद्याने विभक्त झालेल्या, पुन्हा लग्न न केलेल्या बहिणींना कारकुनाच्या भरतीत त्याहून जास्त सवलत असते. हे मुद्दाम सांगते, कारण ज्यांना हवं त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही. जाहिरात निघेल तेव्हा वयाचा रकाना नीट वाचून घ्या.

बहुतेक सरकारी बँकांची परीक्षा आयबीपीएस ही संस्था घेते. स्टेट बँक आपली वेगळी घेते. पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा. पीओला वर मुलाखत. चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणून ठोकताळ्याने उत्तर द्यायची सवय मुलींनी सोडावी. कारकुनाची परीक्षा मराठीतून देता येते, इंग्रजीचा भाग तेवढा इंग्रजीतच. ग्रामीण बँकेची परीक्षाही आयबीपीएसच घेते. तिच्या पूर्व परीक्षेत फक्त बुद्धिमत्ता आणि गणित असतं, मुख्य परीक्षेत इंग्रजीऐवजी हिंदी घेता येतं. इंग्रजीला घाबरणाऱ्या मुलींनी हा फॉर्म सोडू नये. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी बार्टीतर्फे बँक परीक्षेचं विनाशुल्क प्रशिक्षण असतं. आणि हो, स्वतःच्या नावावरचं कर्ज थकलेलं असेल तर नेमणुकीच्या वेळी अडचण येऊ शकते. भावाच्या मोबाइलचा हप्ता बहिणीच्या नावावर घेण्याआधी याचा विचार करा.

पीओ झाली की लगेच मॅनेजर होत नाही. साधारण दोन वर्षं परिविक्षा, मग काही वर्षांत लहान शाखा मिळते. कारकून म्हणून लागली तर बढतीच्या परीक्षा द्याव्या लागतात. मी त्याच वाटेने आले, उशिरा आले. बदल्या होतात, हेही खरं. लहान मूल घरी ठेवून परगावी राहावं लागतं आणि तेव्हा सासूबाई, नवरा, शेजारीण यांच्यापैकी कोणीतरी पाठीशी लागतं. सगळ्यांना तसं मिळत नाही. बढती नाकारून कारकूनच राहिलेल्या माझ्या दोन मैत्रिणी आहेत. त्यांना मी नावं ठेवत नाही.

प्रतीक्षा टोंडवळकरांबद्दल 2022 साली पेपरात आलं होतं. सोळाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी नवरा गेला, पदरात लहान मुलगा. नवरा स्टेट बँकेत होता, म्हणून तिथेच मुंबईत अर्धवेळ सफाईचं काम मिळालं, महिना साठ-पासष्ट रुपयांवर. दहावी तेव्हा झालेली नव्हती. ती केली, मग रात्रीच्या कॉलेजातून शिकल्या, 1995 साली पदवीधर झाल्या. कारकून झाल्या, पुढे ऑफिसर आणि 2022 साली सहायक महाव्यवस्थापक. ते पद शाखा व्यवस्थापकाच्याही वरचं आहे. पेपरवाल्यांनी "झाडूपासून साहेबापर्यंत" असं रंगवलं. मला मात्र मधली वर्षं दिसतात. नोकरी, मूल आणि वर रात्रीचा अभ्यास.

तुमच्यापैकी बऱ्याचजणी म्हणतील, आमचं वय गेलं. दहावी राहिली असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरता येतो, त्याला वयाची अडचण नाही. बँक सखी, बीसी सखी ही कामं गटातल्याच महिलांना मिळतात. पण घरात आठवी-नववीतली मुलगी असेल तर हिशेब मांडा. आज चौदा, पदवीला एकवीस, मग परीक्षेसाठी सात-आठ वर्षं हातात. अठरा पूर्ण झाली की लगेच लग्न उरकलं, तर ही वर्षं जातात आणि 28 नंतर कारकुनाचं दार लागतं. हळदीकुंकवाला "मुलगी काय करते?" असं विचारतात, तेव्हा "पोरगी बँकेची तयारी करते" असं सांगायला लाजू नका.

त्या सचिवताईंची मुलगी यंदा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आई आज इथेच, तिसऱ्या रांगेत बसलीय. मुलीला त्यांनी माझ्याकडे पाठवलंय, दर शनिवारी शाखा सुटल्यावर मी तिचं गणित घेते. आणखी कोणाच्या मुलीला यायचं असेल तर येऊ द्या. दुसरा आणि चौथा शनिवार बँकेला सुट्टी असते, तेवढे सोडून. येताना जुनी प्रश्नपत्रिका, वही आणि डबा आणायचा.