नाविकांनी मांडलेला हिशेब



ठाण्यात माजिवड्याच्या नाक्यावर मुंबई-आग्रा रस्त्याला घोडबंदर रस्ता मिळतो. इथल्या रहिवाशांना नौदल म्हटलं की कुलाबा आठवतो, फार तर मुंबईची गोदी. पण दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीचं ‘अकबर’ हे प्रशिक्षण केंद्र आपल्या ठाण्यात होतं. फेब्रुवारी १९४६ मधल्या नौदलाच्या उठावात तिथले नाविकही सामील झाले होते.

या उठावाची देशभक्तीची बाजू आपण ऐकत आलो आहोत, आणि ती खरीच आहे. आज मला बोलायचं आहे ते जमाखर्चाबद्दल.

१९३९ मध्ये या नौदलात जेमतेम दोन हजार माणसं होती. युद्ध संपताना ती पंचवीस हजारांच्या वर गेली. भरती करणाऱ्यांनी पगार, बढती, पुढची नोकरी अशी वाट्टेल ती आश्वासनं दिली होती. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला आणि हीच माणसं सरकारला जड झाली. घरी कधी पाठवणार, हातात काय देणार, सगळंच अधांतरी.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ केंद्रातल्या नाविकांनी निकृष्ट जेवण नाकारून संप पुकारला. बघता बघता कराचीपर्यंतची जहाजं आणि किनाऱ्यावरची केंद्रं त्यात ओढली गेली. त्यांच्या मागण्यांत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती, इंडोनेशियातून भारतीय फौजा परत आणा, हेही होतं. पण त्याच यादीत आणखी काय आहे पाहा: ब्रिटिश नाविकांइतका पगार द्या, सेवामुक्ती लवकर करा, जाताना मिळणारी रक्कम वाढवा, आणि घरी जाताना अंगावरचे सरकारी कपडे परत मागू नका.

मी या शेवटच्या मागणीपाशी नेहमी थबकतो. कापडटंचाईचे दिवस. लढाईसाठी जहाजांवर पैसा ओतणारं सरकार परत निघालेल्या पोराच्या सदरा-पाटलोणीचा हिशेब ठेवत होतं!

मग या सरकारला जाब विचारायचा कोणी? दिल्लीत मध्यवर्ती कायदेमंडळ होतं, पण संरक्षणखर्च त्याच्या मताबाहेर ठेवलेला. सभासदांनी चर्चा करावी, तहकुबीची सूचना आणावी, सरकारची कानउघाडणी करावी. एक रुपयाही कापता येत नसे. रस्त्यावर मात्र नाविकांच्या पाठीशी उतरलेल्या लोकांवर गोळीबार झाला. मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मेली, आणि त्यातले बहुतेक साधे नागरिक. वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यानंतर २३ फेब्रुवारीला नाविकांनी शरणागती पत्करली.

पुढे सर फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाचं मत असं, की नोकरीतल्या गाऱ्हाण्यांमुळे असंतोष आधीच साचला होता आणि राजकीय वातावरणाने तो भडकला. जेवण, अधिकाऱ्यांच्या शिव्या, भरतीतली खोटी आश्वासनं, सेवामुक्तीचा घोळ हे सगळं त्यात आलं. म्हणजे नाविकांच्या यादीवर सरकारनेच नेमलेल्या आयोगाने बऱ्याच अंशी बरोबरची खूण केली. पण तोवर ४७६ जणांना नौदलातून काढून टाकलं होतं, आणि स्वतंत्र भारतानेही त्यांना परत सेवेत घेतलं नाही. अहवाल खरा ठरला तरी नोकरी गेली ती गेलीच. हा हिशेब मला आजही पटत नाही.

आज स्थिती वेगळी आहे. नौदलाचा खर्च संरक्षणाच्या अनुदानाच्या मागण्यांमधून लोकसभेच्या मताला येतो. नियंत्रक व महालेखापरीक्षक जहाजबांधणीतला उशीर आणि वाढलेल्या किमती यांवर अहवाल देतात, लोकलेखा समिती अधिकाऱ्यांना बोलावते. हक्क मिळाला खरा, पण कितीदा तरी संरक्षणाच्या मागण्या वेळ संपला म्हणून चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात. तेव्हा ठाणे असो की कल्याण, आपल्या खासदारांना एवढं जरूर विचारा: यंदा त्या मागण्यांवर सभागृहात चर्चा झाली का, आणि झाली असेल तर तुम्ही बोललात का?