घराच्या आतले शिक्षण

नांदेड आणि लातूर या दोन शहरांतून बारावीची परीक्षा देऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी काहींना अलीकडे एक नवा विषय खुणावू लागला आहे. घराच्या अंतर्भागाची रचना, म्हणजे ज्याला सर्वत्र इंटीरियर डिझाइन म्हणतात, तो हा विषय. मुलीने असा विचार घरात बोलून दाखवला की वडीलधारी मंडळी जरा गोंधळात पडतात. भिंतीला कोणता रंग द्यावा, पडदे कोणत्या कापडाचे शिवावेत, बैठकीच्या खोलीत कोच कोठे ठेवावा, एवढ्यासाठी चार-पाच वर्षे विद्यापीठात घालवायची, ही कल्पना त्यांच्या गळी उतरत नाही. त्यांची शंका अवाजवी आहे असे मी म्हणणार नाही. हा विषय जर खरोखरच रंग आणि पडदे यांच्यापुरता असता, तर ती शंका शंभर टक्के खरी ठरली असती. परंतु तो तसा नाही. माणसे छपराखाली कशी राहतात, त्यांना उजेड, वारा, पाणी आणि निवांतपणा कोठून मिळतो, आणि ते छप्पर त्यांच्या डोक्यावर सुखरूप राहील की नाही, याचा हा अभ्यास आहे. मराठवाड्याच्या भूमीवर तर त्याचे मोल जिवाच्या मोलाइतके आहे. ते कसे, एवढेच आज सांगायचे आहे.

प्रथम हे शिक्षण कोठे व कसे मिळते ते पाहू. महाराष्ट्रात या विद्येचे जुने घर म्हणजे १८५७ साली मुंबईत सुरू झालेली सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा. १९२४ साली लंडनजवळ वेम्ब्ले येथे जे मोठे साम्राज्य-प्रदर्शन भरले, त्यासाठी या शाळेने एक संपूर्ण ‘भारतीय खोली’ तयार करून धाडली होती. पुढे १९३७ साली भारतीय वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेने मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये ‘आदर्श गृह’ या नावाचे प्रदर्शन भरवले, आणि राहत्या घराचा आतला भाग हाही विचार करण्याचा विषय आहे, हे मध्यमवर्गीय माणसाने तेथे डोळ्यांनी पाहिले. जीजीभाई कलाशाळेत अंतर्गत सजावटीचा स्वतंत्र अभ्यासक्रम चालत आला आहे. २०२३ साली कला, वास्तुकला आणि अभिकल्प या शाखांसह तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अहमदाबादच्या सेप्ट या संस्थेने १९९१ पासून अंतर्गृहरचनेची निराळी शाखाच काढली.

येथे पालकांनी एक भेद नीट ध्यानात घ्यावा. वास्तुशास्त्राची पदवी पाच वर्षांची आहे, आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी नोंदणी झालेल्या व्यक्तीलाच लावता येते. अंतर्गृहरचनाकाराला अशी नोंदणी त्या कायद्याने सांगितलेली नाही. याचा एक परिणाम असा की सहा महिन्यांचा वर्ग केलेला आणि पाच वर्षे विद्यापीठात शिकलेला, असे दोघेही बाजारात एकाच नावाची पाटी लावून बसू शकतात. पाटीवरून काही कळत नाही. शिक्षण काय झाले, यावरूनच कळते. म्हणून हे शिक्षण काय असावे, हा प्रश्न महत्त्वाचा.

आता नांदेडचा किंवा लातूरचा विद्यार्थी या शिक्षणासाठी मुंबई-पुण्यास जातो तेव्हा त्याच्यापुढे बहुधा कोणते घर येते? चौथ्या-पाचव्या मजल्यावरचे, दोन खोल्यांचे, सिमेंटच्या चौकटीतले. ते शिकणे वाईट नाही. आज आपल्या शहरांतही तशीच घरे उठत आहेत. परंतु ज्या घरात त्याची आजी नांदली, त्या घराकडे पाहण्यास त्याला कोणी शिकवीत नाही. ते घर जुने, अंधारे, मातीचे म्हणून तो मनातून पुसून टाकतो. वस्तुतः तेच त्याचे पहिले पाठ्यपुस्तक व्हावयास हवे.

आपल्याकडे शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. ही पांढरी केवळ वस्तीची जागा नव्हे, ती एक मातीही आहे, आणि तीच माती आपल्या माळवदाच्या घरांच्या डोक्यावर चढलेली असते. काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती; आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे व फळ्या, आणि वर मातीचा जाड थर. घराचे माप फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण; अमक्याचे घर आठ खणांचे, तमक्याचे बारा खणांचे. म्हणजे घर किती मोठे हे सांगताना त्याचा सांगाडाच सांगितला जाई.

या घराची आतली मांडणीही विचारपूर्वक केलेली असे. दारातून आत येताच ढाळज. तेथे परका माणूस थांबे, पंचायतीच्या गोष्टी होत. मग मोकळे अंगण, पुढे ओसरी, त्याच्या आत माजघर, आणि सर्वांत आत देवघर व स्वयंपाकाची जागा. उजेड एका एका पायरीने कमी होत जाई, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडी तेव्हा तोच अंधार माजघराला थंडावा देई. धूर आणि उजेड यांसाठी माळवदाला साणे ठेवलेले असे. धान्याचे बळद, दिव्याची देवळी, भिंतीतले फडताळ, हे सारे बांधतानाच घरात घेतलेले असे. मागाहून सुताराला बोलावून ठोकलेले नव्हे. आजचे विद्यार्थी ज्याला अंगभूत सामान म्हणून शिकतात, ते आपल्या आजीच्या घरात होते.

परंतु या घराचे गुण गाऊन थांबणे हा त्या गावांवर अन्याय होईल. श्रोतेहो, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी अनेकांच्या घरांतून अद्याप गेलेली नाही. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून लोक उशिरा झोपले होते. चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात धरणीकंप झाला. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. कित्येक जण हा आकडा दहा हजारांपर्यंत सांगतात. ती माणसे कशाखाली गेली, हे अभ्यासकाने डोळे न मिटता पाहिले पाहिजे. ती आपल्याच भिंतींखाली आणि आपल्याच छपराखाली गेली.

कारण असे. ती जाड भिंत एकसंध नव्हती. आतला एक पदर, बाहेरचा एक पदर, आणि मध्ये गोटे व माती भरलेली. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड पुष्कळ ठिकाणी नव्हते. हादरा बसताच पदर सुटले व भिंत ढासळली. वरचे माळवद मुळात उन्हापावसापासून रक्षण करण्यासाठी. परंतु गळू लागले की त्यावर आणखी माती, पुन्हा गळले की पुन्हा माती, असे करता करता पिढ्यांच्या हाताने तो थर फूट-दोन फुटांवर गेला होता. घराला जो थर थंड ठेवीत होता, तोच थर घरावर कोसळला. तथापि आणखी एक गोष्ट पाहणाऱ्यांना तेथे आढळली: काही घरांत चारी भिंती पडल्या आणि खणांचा लाकडी सांगाडा उभाच राहिला. ज्या पूर्वजांनी घर खणांत मोजले, त्यांच्या पद्धतीत सुरक्षिततेचे बीज होते; खांब आणि तुळई यांचा सांधा मजबूत ठेवण्याचे, वरची माती हलकी करण्याचे, भिंतीत आरपार दगड घालण्याचे ज्ञान मात्र टिकले नव्हते किंवा पोचले नव्हते. शिवाय हा मुलूख तोवर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जाई. २००२ च्या नकाशात किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात घातला गेला.

यानंतरचा धडाही तितकाच बोलका आहे. बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. सरळ रस्ते, रांगेने घरे, भूकंपात टिकतील अशा भिंती. एवढ्या मोठ्या आपत्तीनंतर एवढे काम उभे राहिले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्या घरांत ढाळज नव्हती. बैल कोठे बांधायचा, सुगीचे धान्य कोठे उतरवायचे, परका पाहुणा आणि घरातली सून यांच्यामध्ये आडोसा कोठला, या प्रश्नांची उत्तरे लोकांना स्वतः शोधावी लागली. कोणी पुढे पडवी काढली, कोणी भोवती भिंत घालून अंगण करून घेतले. जुने घर जगण्यास सोयीचे होते पण जीव राखू शकले नाही. नवे घर जीव राखील, पण त्यात जगण्याची सोय करून घ्यावी लागली. या दोन घरांच्या मधले जे घर, सुरक्षितही आणि सोयीचेही, ते कोणी रचायचे? माझे उत्तर असे आहे की हाच आपल्या भागातल्या अंतर्गृहरचनेच्या विद्यार्थ्याचा खरा अभ्यासविषय आहे.

हे केवळ खेड्याचे काम आहे असेही कोणी समजू नये. शहरात आज जागा मोठी दिसावी म्हणून मधली भिंत काढून टाकण्याची हौस वाढत आहे. ती भिंत वरचे वजन पेलते की नुसता आडोसा आहे, हे ज्याला कळत नाही त्याने हातोडा उचलू नये. उंच कपाट भिंतीला पक्के बांधलेले नसेल, किंवा पलंगाच्या उशाशी जड फळी टांगलेली असेल, तर दिवाणखान्याची शोभा क्षणात घात करू शकते. पाण्याचेही तसेच. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलो नाही. जेथे नळ कित्येक दिवसांनी येतो, तेथे पाणी साठवायचे कोठे, भांडी घासलेले पाणी पुन्हा वापरायचे कसे, आणि घरातल्या बाईच्या हातातली घागर किती पावले वाचवायची, हे स्वयंपाकघराच्या नकाशातच ठरले पाहिजे. गुळगुळीत फरशी आणि चकचकीत कपाटे यांचा विचार त्यानंतर.

१९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याचे उपकेंद्र लातूरला आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाचे, म्हणजे आता ज्याला सामुदायिक विज्ञान म्हणतात त्याचे, महाविद्यालय आहे. आपल्या प्रदेशात जेथे जेथे हा विषय शिकवला जाईल, तेथे पहिल्या वर्षाचा पहिला पाठ एकच असावा असे मला वाटते: मोजपट्टी घेऊन एक जुने घर मोजणे. कंधार, औसा, उदगीर या गावांतले जुने वाडे अजून पुरते गेलेले नाहीत. त्यांचे खण मोजावेत, भिंतीची जाडी घ्यावी, दुपारी बारा वाजता अंगणात आणि माजघरात किती उष्णता आहे ते नोंदवावे. मग बावन्नांपैकी एखाद्या नव्या गावी जाऊन तेथले घर मोजावे, आणि राहणाऱ्यांनी त्यात काय काय बदलले ते विचारून लिहून घ्यावे. तो विद्यार्थी पुढे मुंबईत काम करो की परदेशी जावो, घर कशासाठी असते हे त्याला पक्के कळलेले असेल.

पालकांना माझी विनंती आहे. मुलाने किंवा मुलीने हा विषय घ्यायचे म्हटले, तर हसू नका, आणि जाहिरात पाहून लगेच शुल्कही भरू नका. त्या संस्थेत जाऊन चारच गोष्टी विचारा: इमारतीचा भार कसा वाहतो हे येथे शिकवतात काय? लाकूड, दगड, चुना, लोखंड हाताळण्याची कार्यशाळा आहे काय? विद्यार्थी प्रत्यक्ष घरे मोजावयास जातात काय? आणि घरात राहणाऱ्या माणसांशी, विशेषतः स्त्रियांशी आणि वृद्धांशी, बोलण्याची सवय लावतात काय? या चारांना होकार मिळाला, तर रंग आणि पडदे ती पुढे आपोआप शिकेल.

आणि ज्यांचे जुने घर गावी कुलूपबंद पडले आहे, त्यांना आणखी एक सांगणे. ते पाडण्याचा विचार असेल तर जरूर पाडा. मोडकळीस आलेल्या छपराखाली कोणी राहू नये. परंतु पाडण्यापूर्वी दोन दिवस एखाद्या विद्यार्थ्याला ते मोजू द्या. त्याच्या कागदावर उतरलेले खण आणि साणे पुढच्या घरांना उपयोगी पडतील.