शनिवार तेल्यांची दहा माणसं

(केज तालुक्यातल्या युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्यू लोकांबद्दल बोलायचंय. हसू नका. बीडात ज्यू कुठनं आला, असं मागं बसलेल्या पोरांनी आत्ताच विचारलं. बीडात नाही, कोकणात आहे. अलिबाग, पेण, मुरूड या पट्ट्यात. आणि तो मराठी बोलतो. आडनावं दिवेकर, केहिमकर, पेणकर, झिराडकर. स्वतःला ते बेने इस्राएल म्हणवतात. गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं.

का, तर धंदा तेलाचा आणि शनिवारी घाणा बंद. दुसरे तेली सोमवारी घाणा बंद ठेवायचे, ते सोमवार तेली. गावगाड्याची खोड बघा. कुणी समुद्रापारनं येवो, त्याचा देव कुठलाही असो, गाव विचारणार, धंदा काय आणि जात काय? उत्तर नसलं तर गावच जात काढून हातात देणार.

त्यांची कथा अशी, की अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात बाप्ये आणि सात बाया तेवढ्या वाचल्या, पोथ्या बुडाल्या. ही झाली दंतकथा. केव्हा घडलं यावर पंडित अजून भांडतात, भांडू देत. आपल्या कामाची गोष्ट पुढं आहे. शेकडो वर्षं या माणसांकडं पोथी नव्हती, पुरोहित नव्हता, हिब्रू भाषा विसरली होती. मग राहिलं काय? शनिवार राहिला. पोराची आठव्या दिवशी सुंता राहिली. खवले आणि पर नसलेला मासा चुलीवर चढवायचा नाही, हे राहिलं. आणि 'शेमा इस्राएल' ही एकच प्रार्थना राहिली. जन्म, लग्न, मयत, सगळीकडं तीच. आंबट रसाचं मडकं झाकून ठेवायचा एक सण होता. कशासाठी, ते कुणाला सांगता येत नव्हतं, पण मडकं झाकायचं चुकत नव्हतं. तो म्हणे मुळात त्यांचा वल्हांडणाचा सण.

पुढं डेव्हिड रहाबी नावाचा माणूस आला. त्यानं परीक्षा घेतली, अशी आठवण ते सांगतात. बायांसमोर माशांची पाटी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायांनी खवल्यांचे मासे वेगळे काढले, बाकीचे बाजूला सारले. रहाबी म्हणाला, हे आपलेच! म्हणजे धर्म कुठं टिकला होता? चुलीपाशी. आणि त्यांच्या जुन्या शिरस्त्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा माणसं लागतात, ती दहा मात्र बाप्येच मोजायची! राखायचं बायांनी आणि मोजायचं बाप्यांना. हे आपल्याकडंही आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

पण ही दहाची अट समजून घ्या. एकटा माणूस कितीही शहाणा असो, त्याच्या एकट्यानं ती प्रार्थना पुरी होत नाही. शेजारी नऊ जण लागतात, मग ते शिकलेले असोत की अडाणी. त्यामुळं शेजाऱ्याची खबर ठेवावीच लागते. कोण आजारी, कोण मुंबईला गेला, कुणाचं पोर तेराचं झालं.

१७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनाघर बांधलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणतात. दिवेकर पलटणीतले. टिपूच्या कैदेतनं सुटल्यावर नवस फेडला, असं सांगतात. पुढं मिशनरी आले. जॉन विल्सननं १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. बाटतील या आशेनं शिकवलं, यांनी भाषा शिकून घेतली आणि बहुतेक सगळे आपल्या घरी परत गेले! १८४६ साली वल्हांडणाची पोथी हिब्रू आणि मराठीत मुंबईला छापली. १८७४ च्या पुण्याच्या पोथीत भाकरी करणाऱ्या बायांची चित्रं आहेत, त्या बायांच्या अंगावर लुगडी. त्या रात्री घरातलं पोर प्रश्न विचारतं आणि मोठ्यांनी मिसरातल्या गुलामीची हकीकत सांगायची असते, ती पूर्वजांची म्हणून नाही, स्वतःची म्हणून.

आता दुसरी बाजू. ती दडवली तर मी लबाड.

याच बेने इस्राएलांत गोरे आणि काळे असे दोन भाग होते. बाप ज्यू आणि आई बाहेरची, त्यांची वंशावळ काळी. प्रार्थना एका छपराखाली, पण रोटी नाही, बेटी नाही. आणि या गोऱ्यांनाही वरचा होताच. बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू यांना अस्सल मानेनात. १८३६ साली त्यांनी सरकारकडं अर्ज केला, की मुंबईच्या कबरस्तानात दोघांच्या मधे भिंत घाला. मेल्यावरसुद्धा भिंत! वेगळ्या मसणवट्याची गोष्ट तुम्हाला मी काय सांगावी? कोचीनला तर गुलामांच्या वंशजांना प्रार्थनाघरात बरोबरीनं बसू देत नव्हते. त्यांच्यातल्याच ए. बी. सालेम वकिलांनी आत सत्याग्रह केला.

इस्रायल झाल्यावर हजारो तिकडं गेले. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठानं हुकूम काढला, बेने इस्राएलाचं लग्न लावताना त्याची वंशावळ तपासा. ज्यांनी पोथीशिवाय शनिवार सांभाळला त्यांना रक्ताचा दाखला मागितला. हे लोक जेरुसलेमच्या रस्त्यावर बसले. १९६४ साली तिथल्या संसदेनं ठराव केला, हे सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू आहेत, आणि धर्मपीठाला हुकमातलं त्यांचं नाव काढावं लागलं. (त्या देशाच्या सरकारनं पॅलेस्टिनी माणसाचं काय केलं हा सवाल मोठा आहे. त्यावर वेगळं बसू.)

तेव्हा टिकून राहणं दोन तऱ्हेचं असतं. एक दहा माणसं मोजतं. दुसरं आज्या-पणज्या मोजतं. दुसऱ्याला आपण जात म्हणतो, आणि जात फक्त बामणाच्या घरी असते असं समजून झोपू नका. बाबासाहेबांनी आपल्या वस्तीला हिंदुस्थानचा घेटो म्हटलं. घेटो हा शब्द ज्यूंच्या कोंडवाड्याचा. कोंडलेल्यानंसुद्धा आत आणखी एक कोंडवाडा घातला, हे वर सांगितलंच. आपल्या पोटजातींची लग्नं कशी जुळतात ते प्रत्येकानं घरी जाऊन बघावं.

छप्पन्न साली आपण देव्हारे रिकामे केले. पण विहाराचं कुलूप वर्षातनं कितीदा निघतं? चौदा एप्रिलला निघतं, बुद्धपौर्णिमेला निघतं. मधल्या महिन्यांत आपला शनिवार कोणता? आणि बीडचा माणूस अर्धं वर्ष गावात नसतोच. उचल घेतली, मुकादमाच्या मागं गेला, कोपीत राहिला, पहाटे फडात. तिथं पोर कुणाला प्रश्न विचारणार आणि कोण सांगणार?

कोकणात आज काही गावांत दहा जमत नाहीत. भारतभर मिळून जेमतेम काही हजार उरलेत. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, पण सरकारी कागदानं दहावा माणूस येत नाही.

टोळ्या दसरा-दिवाळीला निघतील. जेवणाआधी वही फिरवतो. कुणाच्या घरची टोळी कोणत्या कारखान्यावर चाललीय ते लिहा. ज्या तळावर आपली दहा माणसं भरतील, बाया धरून, तिथं आठवड्यातली एक रात्र ठरवायची आणि पुस्तकं कुणी न्यायची ते इथंच ठरवायचं. पोटजात लिहू नका, वहीत तो रकाना नाही.