बिनधक्क्याची तोफ आणि असल उत्तरची लढाई
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेळ्ळंदूर येथे दिलेले भाषण)



आजचा विषय आपणांस काहीसा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. मी विज्ञानाचा अभ्यासक नव्हे. कलाशाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत केस पिकविलेला माणूस आहे. तेव्हा मला जेवढे उमगले तेवढेच साध्या भाषेत मांडतो.

रणगाड्यापुढे पायदळाचा शिपाई किती दुबळा! अंगावर सुती गणवेश, हाती बंदूक. आणि समोर पोलादी कवचाचे चालते धूड. ते फोडायचे तर तोफ हवी. पण तोफ जड का असते? होडीतून काठावर उडी घेतली की होडी मागे सरते. तद्वत गोळा पुढे सुटला की तोफ मागे उसळते. ती उसळी सोसण्यासाठी तोफेला भक्कम गाडा लागतो आणि तिचे वजन टनांवर जाते. असले ओझे शिपायाने शेताच्या बांधावरून न्यावे कसे?

यावर काढलेला तोडगा म्हणजे रिकॉइललेस तोफ. लष्करात तिला 'आरसीएल' म्हणतात. या तोफेचे मागचे तोंड पूर्ण बंद नसते. काडतुसाच्या पुंगळीला छिद्रे असतात. दारू पेटली की वायूचा काही भाग गोळ्याला पुढे ढकलतो आणि बाकीचा मागच्या झोतनळ्यांतून वेगाने बाहेर पडतो. दोन्ही दिशांचे बल एकमेकांस तोलते व तोफ जागीच राहते. म्हणूनच १०६ मिलिमीटरची तोफ तिवईसकट सुमारे दोनशे किलो भरते आणि जीपवर बसविता येते. खांद्यावरून डागण्याची ८४ मिलिमीटरची स्वीडिश 'कार्ल गुस्ताफ' तर याच तत्त्वावर चालते. तिची १९६४ची आवृत्ती सुमारे चौदा किलोंची होती, २०१४ची सात किलोंच्या आत आली आहे.

दारूचा मोठा भाग मागे खर्च होत असल्याने गोळ्याचा वेग मात्र कमी पडतो. मग कवच भेदते कसे? गोळ्याच्या पोटात स्फोटके पोकळ शंकूच्या आकारात बसविलेली असतात व त्या शंकूला आतून धातूचे अस्तर असते. स्फोट होताच ते अस्तर बारीक, अतिवेगवान झोत बनून पोलादात घुसते. त्याचे काम गोळ्याच्या वेगावर अवलंबून नसते.

पण या हलकेपणाची किंमत आहे. मागे निघालेला तप्त झोत जवळ उभ्या असलेल्याचा प्राण घेऊ शकतो. शिवाय धूळ आणि धूर उठून तोफेची जागा शत्रूला कळते. म्हणून बार काढला की जागा बदलायची, हा या शस्त्राचा पहिला धडा.

हा धडा रणांगणात कसा उतरला, ते १९६५च्या सप्टेंबरात खेमकरणजवळच्या असल उत्तर येथे दिसले. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चाल करून आले; आपल्याकडे जुने शर्मन होते. डेक्कन हॉर्स या रणगाडा-पलटणीचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य यांच्याकडे होते. जन्माने अलिबागचे असलेले वैद्य १९८३ साली लष्करप्रमुख झाले. असल उत्तरच्या पराक्रमासाठी त्यांना महावीर चक्र मिळाले. आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडले होते. उसाच्या आडून मारा होत होता आणि चिखलात पॅटन रुतत होते.

त्याच रणभूमीवर ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद होते. गाजीपूर जिल्ह्यातील धामुपूरचा हा शिंप्याचा मुलगा. हुद्दा कंपनीच्या क्वार्टरमास्टर हवालदाराचा, म्हणजे सामानसुमानाचा हिशेब ठेवणाराचा. परंतु त्या दिवशी आरसीएलची तुकडी त्यांच्या हाताखाली होती. १० सप्टेंबरच्या सकाळी चीमा गावाजवळ त्यांनी जीप बगलेला नेली आणि सर्वांत पुढचा रणगाडा निकामी केला. लगेच जागा बदलून आणखी एक पेटविला. एव्हाना शत्रूने त्यांना हेरले होते. चोहोंकडून मारा सुरू झाला. तरीही ते पुढच्या रणगाड्यावर तोफ डागत राहिले, आणि तोफगोळा लागून धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. २००० साली निघालेल्या टपाल तिकिटावर त्यांच्यासोबत ती जीपवरची तोफही आहे.

पुढे १०६ मिलिमीटरच्या तोफेचे बरेचसे काम क्षेपणास्त्रांनी घेतले. शस्त्रे जुनी होतात. तथापि एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. या तोफेने शिपायाच्या खांद्यावरचे वजन कमी केले, जिवावरची जोखीम नव्हे. जीपला कवच नव्हते, आणि प्रत्येक बारासरशी आपण उघडे पडतो हे हमीद जाणून होते.

आपण घरापासून दूर, परप्रांतात राहणारी माणसे. कोकणचे वैद्य आणि गाजीपूरचे हमीद पंजाबच्या शेतांत लढले, तेव्हा ती भूमी त्यांना परकी वाटली नाही. आपल्या मुलांना तोफेची रचना अवश्य सांगावी. आणि ती चालविणाऱ्याचे नावही सांगावे.