नकाशाची साक्ष

नकाशा बोलत नाही, आणि बोलत नाही म्हणूनच की काय, त्याची साक्ष माणसाला अधिक खरी वाटते. एखाद्या बखरीत अमुक पुरुष अमुक देशी गेला असे वाचले, तर चोखंदळ वाचक लगेच विचारतो : हे सांगणारा कोण, आणि त्याला ते कळले कसे? परंतु तोच देश नकाशावर रेखलेला दिसला म्हणजे असा प्रश्न बहुधा सुचतच नाही. किनाऱ्याची रेघ, नद्यांची वळणे, बेटांची नावे हे सारे कोणीतरी पाहिले, मोजले आणि मग काढले असेल, असे मन आपले आपणच धरून चालते. नकाशाचे सामर्थ्य यात आहे, आणि धोकाही यातच आहे.

या सामर्थ्याची आणि या धोक्याची शहानिशा करणारे शास्त्र म्हणजे नकाशांचा इतिहास. स्वतंत्र विद्या म्हणून त्याचे वय फार नाही. रशियातून बर्लिनला येऊन स्थायिक झालेले लेओ बाग्रोव यांनी १९३५ साली ‘इमागो मुंडी’ हे या विषयाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. पुढे १९६४ साली लंडनमध्ये देशोदेशींच्या अभ्यासकांची पहिली परिषद भरली आणि अशा परिषदांची परंपरा सुरू झाली. या तरुण शास्त्राची खरी परीक्षा मात्र त्यानंतर दोनच वर्षांनी झाली. १९६६ च्या नोव्हेंबर महिन्यात, १५ आणि १६ तारखांना, अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे स्मिथसोनियन संस्थेत जी विद्वत्सभा जमली, तिच्यापुढे विषय एकच होता, आणि तो म्हणजे हातरुमालाहून फारसा मोठा नसलेला एक चर्मपत्रावरील नकाशा.

या नकाशाची हकीकत वर्षभरापूर्वी जगासमोर आली होती. ११ ऑक्टोबर १९६५ रोजी, म्हणजे कोलंबसाच्या स्मरणदिनाच्या आदल्याच दिवशी, अमेरिकेतील येल विद्यापीठाने एक भारदस्त ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे कर्ते तिघे होते : लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील नकाशा विभागाचे प्रमुख आर. ए. स्केल्टन, त्याच संस्थेतील जॉर्ज पेंटर आणि येल ग्रंथालयातील टॉमस मार्स्टन. ग्रंथातील प्रतिपादन थोडक्यात असे : हा नकाशा इसवी सन १४४० च्या सुमाराचा आहे. त्यात युरोप, आफ्रिका आणि आशिया तर आहेतच, परंतु पश्चिमेच्या कडेला ग्रीनलंड आहे आणि त्याच्याही पलीकडे ‘व्हिनलंड’ नावाचे एक मोठे बेट आहे. ब्यार्नी आणि लेइफ या नॉर्स दर्यावर्दींनी ते शोधल्याची नोंद शेजारीच लॅटिनमध्ये आहे. कोलंबसाने अटलांटिक ओलांडला तो १४९२ साली. हा नकाशा खरा ठरला, तर त्याच्या आधी अर्धशतक अमेरिकेचा किनारा युरोपातील एका नकाशावर रेखला गेला होता, असे म्हणावे लागणार होते.

बातमी फुटताच गहजब झाला. उत्तर युरोपातून अमेरिकेत गेलेल्या लोकांना आनंद झाला, तर इटलीतून गेलेल्यांना कोलंबसाच्या कीर्तीवर घाला पडल्यासारखे वाटले. तारीखही नेमकी अशी निवडलेली की, जखमेवर मीठ चोळल्यासारखे व्हावे. अभिमान आणि अपमान यांच्या या गलबल्यात नकाशा खरा की खोटा, हा मूळ प्रश्न मागे पडण्याचाच संभव अधिक होता.

नकाशाच्या बाजूने पुरावा वरवर पाहता भक्कम दिसे. नकाशाबरोबर आणखी दोन जुनी हस्तलिखिते सापडली होती. एक होते तेराव्या शतकातील फ्रेंच पंडित व्हिन्सेंट याच्या इतिहासग्रंथाचा काही भाग. दुसरे, मंगोलांच्या दरबारी गेलेल्या ख्रिस्ती धर्मदूतांचा वृत्तांत. तिन्ही वस्तू शेजारी ठेवल्या असता, कसरीने पाडलेली भोके एका पानातून दुसऱ्या पानात बरोबर उतरत होती. याचा अर्थ, ही तिन्ही एके काळी एकाच बांधणीत होती. आता कसर काही लबाडी करीत नाही! मग शंका कशासाठी घ्यायची?

शंकेला जागा होती, आणि ती अनेक ठिकाणी होती. पहिली गोष्ट म्हणजे नकाशाचे कुळ ठाऊक नव्हते. लॉरेन्स विटन नावाच्या पुस्तकविक्रेत्याने तो १९५७ साली युरोपातील एका व्यापाऱ्याकडून साडेतीन हजार डॉलरना घेतला होता. त्यापूर्वी तो कोणाच्या संग्रही होता, याचा पत्ता नव्हता. दुसरी गोष्ट ग्रीनलंडची. नकाशावर ते चहूबाजूंनी समुद्राने वेढलेले बेट म्हणून आणि बरेचसे बिनचूक आकाराचे काढले होते. त्याचा हिमाच्छादित उत्तर किनारा तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नीटसा कोणी पाहिलेलाही नव्हता. मग पंधराव्या शतकातल्या लेखकाला तो दिसला कोठून? तिसरी गोष्ट शाईची. त्या काळची शाई मायफळ आणि लोहक्षार यांपासून केलेली असे. जुनी झाली म्हणजे ती चर्मपत्रात मुरते आणि तिच्या कडा पिवळसर तांबूस होतात. येथे पिवळी रेघ होती खरी, परंतु तिच्यावरचा काळा रंग खपली निघावी तसा निघून गेला होता.

याहून मोठी उणीव होती ती अभ्यासाच्या पद्धतीतच. देणगीदाराच्या इच्छेनुसार ग्रंथ प्रसिद्ध होईपर्यंत सारे गुप्त राखावयाचे होते. त्यामुळे तिघा विद्वानांनी कित्येक वर्षे बंद दाराआड काम केले. ते विद्वान होते, परिश्रमी होते, स्केल्टन तर त्या काळी या विषयातील अग्रगण्य अधिकारी मानले जात. परंतु नॉर्स भाषांचे जाणकार, शाईचे रसायन ओळखणारे, चर्मपत्राची पारख करणारे यांच्याशी मोकळेपणाने विचारविनिमय करण्याची त्यांना मुभा नव्हती. ज्ञानाचे काम एकांतात सुरू होते हे खरे, पण ते एकांतातच पुरे झाले तर त्याला कसोटीचा दगड लागत नाही. सोन्याची पारख सोने घडविणाऱ्याने एकट्याने करावयाची नसते.

वॉशिंग्टनच्या सभेचे महत्त्व येथे आहे. इतिहासकार विल्कम वॉशबर्न यांच्या पुढाकाराने इतिहास, भाषा, ग्रंथविद्या आणि नकाशाशास्त्र यांचे जाणकार तेथे एकत्र आले आणि बंद दार प्रथमच उघडले. नकाशा आला कोठून, त्यातील लॅटिन कोणत्या काळाचे, कोणत्या जुन्या नकाशावरून त्याची बाह्यरेषा उचलली असावी, असे प्रश्न समोरासमोर विचारले गेले. सर्वच प्रश्नांना उत्तरे मिळाली नाहीत. सभेने निकालही दिला नाही. परंतु तज्ज्ञाच्या डोळ्यांनी जे ठरत नाही ते प्रयोगशाळेत नेले पाहिजे, ही गोष्ट स्पष्ट झाली. पुढच्याच वर्षी नकाशा लंडनला नेऊन तपासण्यात आला आणि त्याची शाई मध्ययुगातील नेहमीची शाई नव्हे, असे तेथील तपासनिसांना आढळले.

पुढची कथा अर्धशतकाची आहे. वॉल्टर मॅक्रोन या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने शाईचे अतिसूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत त्याला टायटॅनियमचे एक पांढरे संयुग सापडले, आणि तेही अशा स्फटिकरूपात, की जे रंगाच्या धंद्यात १९२० च्या सुमारापासूनच तयार होऊ लागले. त्याचा निष्कर्ष असा की, कोणीतरी आधी पिवळी रेघ ओढली आणि मग तिच्यावर काळी रेघ ओढून शाई जुनी झाल्याचा देखावा केला. १९७४ साली हा निष्कर्ष जाहीर झाला आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत अभ्यासकांनी पुन्हा एकत्र बसून साऱ्या पुराव्याची छाननी केली. प्रकरण येथे संपले असे वाटले, परंतु ते संपले नाही. १९८० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी निराळ्या पद्धतीने तपासणी केली तेव्हा टायटॅनियम अगदी नगण्य प्रमाणात आढळले, आणि नकाशाच्या पाठीराख्यांना धीर आला. १९९५ साली येलने मूळ ग्रंथाची नवी आवृत्ती काढली. २००२ साली तर किरणोत्सारी कार्बनच्या कसोटीने चर्मपत्राचे वय १४३४ च्या आसपासचे ठरले. पाठीराख्यांना वाटले, आता आणखी काय हवे?

परंतु चर्मपत्र जुने असणे वेगळे आणि त्याच्यावरील रेघ जुनी असणे वेगळे. एखाद्या जुन्या पोथीतील कोरे पान हाती लागले, तर पान खरे, त्यावरची भोकेही खरी, आणि तरीही त्यावर काढलेले सारे खोटे असू शकते. कसरीने लबाडी केली नव्हती हे खरेच. लबाडी करणाऱ्याने तिला नकळत साक्षीदार केले होते.

२०१८ साली येलमध्येच अभ्यासक पुन्हा जमले आणि तीन वर्षांनी, १ सप्टेंबर २०२१ रोजी, त्या विद्यापीठाने अखेरचा निर्वाळा दिला. या वेळी काही थोड्या कणांपुरते न थांबता क्ष-किरणांच्या साहाय्याने संपूर्ण नकाशा तपासला होता. रेघांत आणि अक्षरांत सर्वत्र टायटॅनियम होते. जुन्या शाईत जे लोह असावयाचे ते नावालाच होते. आणखीही एक गोष्ट उघड झाली. चर्मपत्राच्या मागील बाजूस पुस्तकबांधणीसंबंधीची एक जुनी लॅटिन टीप होती. तिच्यावर आधुनिक शाईने दुसरी अक्षरे गिरवून, नकाशा व्हिन्सेंटच्या ग्रंथाचाच भाग असल्याचा भास निर्माण केला होता. म्हणजे हा कोणाचा निरुपद्रवी खेळ नव्हता. फसविण्याचा हेतू स्पष्ट होता. फसविणाऱ्याचे नाव मात्र आजतागायत निश्चित झालेले नाही.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या संस्थेने नकाशाचा जगभर डंका वाजविला होता, त्याच संस्थेने आपल्या मुखाने तो बनावट असल्याचे सांगितले. तो फेकून दिला नाही. फसवणुकीचा एक ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून आपल्या ग्रंथालयात जपून ठेवला. विद्येच्या क्षेत्रात प्रतिष्ठा चूक झाकल्याने राहत नाही, ती पुरावा मान्य केल्याने राहते.

महाराष्ट्राला या विवेकाची ओळख जुनी आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून अस्सल कागद कोणता आणि मागाहून रचलेली हकीकत कोणती, हा भेद मराठी संशोधकाला पायरीपायरीवर करावा लागला आहे. व्हिनलंडच्या नकाशाने त्यापुढचा एक धडा दिला. कधी कधी कागद अस्सल आणि लेख बनावट असाही प्रकार असतो, आणि तेव्हा इतिहासकाराला रसायनशास्त्रज्ञाचा हात धरावा लागतो.

मग नॉर्स दर्यावर्दी अमेरिकेला पोहोचलेच नव्हते काय? या कथेतील सर्वांत मोठे नवल हेच. ते पोहोचले होते. नकाशा प्रकाशात येण्याच्या पाच वर्षे आधी, १९६० साली, हेल्गे इंगस्टाड आणि त्यांच्या पत्नी ॲन स्टीन इंगस्टाड यांना कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या उत्तर टोकाशी, लाँस ओ मेडोज येथे, नॉर्स वसाहतीचे अवशेष सापडले होते. आणि येलने नकाशा खोटा ठरविल्यावर दोन महिने उलटण्याच्या आत, ऑक्टोबर २०२१ मध्ये, ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात एक निबंध आला. इसवी सन ९९३ मध्ये सूर्यावरून आलेल्या किरणांच्या मोठ्या लोटाची खूण त्या वर्षीच्या झाडांच्या वलयांत राहिली आहे. लाँस ओ मेडोज येथील लोखंडी हत्याराने तोडलेल्या लाकडांत त्या वलयापासून सालीपर्यंतची वलये मोजली तेव्हा ती अठ्ठावीस भरली. म्हणजे ती झाडे तोडली गेली ती १०२१ साली, कोलंबसाच्या चारशे एकाहत्तर वर्षे आधी.

ज्या सत्यासाठी कोणीतरी खोटी साक्ष उभी केली, त्या सत्याला तिची गरज मुळीच नव्हती. खरे साक्षीदार न्यूफाउंडलंडच्या मातीत स्वस्थ पडून होते. उलट खोटी साक्ष उघडकीस आली, तेव्हा खऱ्यावरही क्षणभर संशयाची सावली पडली. ज्यांना आपल्या पूर्वजांची थोरवी गावयाची असेल, त्यांनी ही गोष्ट गाठीशी बांधून ठेवावी. खोट्या पुराव्याने थोरवी वाढत नाही. ती खऱ्या पुराव्याची वाट पाहू शकते.

विद्वानांच्या परिषदांविषयी लोकांच्या मनात थोडी थट्टा असते. दोन दिवस निबंध वाचावेत, वाद घालावा, निकाल न देता उठावे, याचा उपयोग काय? १९६६ च्या सभेनेही निकाल दिला नाही. परंतु तेथे विचारलेले प्रश्न विचारणाऱ्यांच्या पश्चातही मागे राहिले. स्केल्टन १९७० साली वारले. त्यांच्यापैकी कित्येकांना शेवटचे उत्तर ऐकावयास मिळाले नाही. त्यांचे प्रश्न मात्र एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती दिले, आणि पंचावन्न वर्षांनी त्यांचे उत्तर मिळाले. नकाशा वाट दाखवितो हे सर्वांना ठाऊक आहे. ती वाट खरी आहे ना, हे चारचौघांत, उजेडात विचारण्याचा हक्क जोपर्यंत शाबूत आहे, तोपर्यंत माणूस चुकला तरी कायमचा भरकटणार नाही.